ओव्यांची सीडी आणि विंडोज ९८

मावशीने सीडी आणली ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. माण तालुक्यात शिक्षिका होती तेव्हा शाळा सुटल्यावर ती गावातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायची. वह्यांवर वह्या भरल्या. १९९९ साली साताऱ्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून तिने त्या टाइप करून घेतल्या, थोड्या प्रती छापल्या आणि वाटूनही टाकल्या. पुढे ते दुकान बंद झालं, वह्यांना वाळवी लागली. छापील प्रत आता तिच्याजवळ एकच उरली होती आणि तिचीही पाऊण पानं पावसाचं पाणी लागून एकमेकांना चिकटली होती. राहिली ती ही सीडी.

सीडीत पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या चार फाइली होत्या आणि फॉन्टचं एक फोल्डर. निदान दोन ओळी तरी दिसतील म्हणून मी एक फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर रोमन अक्षरं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, टिंबं. मावशीने चष्मा सारखा केला आणि विचारलं, "अगं, यात माझ्या ओव्या कुठायत?"

ओव्या तिथेच होत्या. त्या काळात मराठी मजकूर संगणकात ज्या पद्धतीने साठवला जाई, ती पद्धत आता कुठल्याच नव्या यंत्राला आपण होऊन कळत नाही, एवढंच. तेव्हाच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम २५६ घरं असत आणि त्यातली नेहमीची घरं रोमन लिपीने व्यापलेली. मराठी पॅकेज तयार करणाऱ्यांनी युक्ती केली: रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचा तुकडा बसवला. कुठे अर्धा 'क', कुठे काना, कुठे नुसती वेलांटी. संगणक आपल्या समजुतीने रोमन अक्षरंच साठवत होता. फॉन्ट चढवला की डोळ्यांना मराठी दिसे. आणि प्रत्येक पॅकेजची घरांची मांडणी वेगळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला तर त्याचा अर्थच हरवे.

देवनागरीसाठी प्रमाण संकेत नव्हते असं नाही. भारतीय मानक आयएस १३१९४, म्हणजे इस्की, १९९१ सालचं आहे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही, त्याच वर्षी, देवनागरी होती. पण विंडोजला युनिकोड देवनागरी नीट जोडून दाखवता येऊ लागली ती विंडोज २००० पासून, आणि डीटीपीच्या दुकानांनी तर त्यानंतरही कित्येक वर्षं आपली जुनी पॅकेजं सोडली नाहीत. त्यामुळे दिवाळी अंक, स्मरणिका, प्रबंध, गावांचे इतिहास, देवस्थानांच्या पोथ्या असं त्या पंधरा-वीस वर्षांत टाइप झालेलं कितीतरी मराठी आज अशाच परक्या चिन्हांत पडून आहे. कागदाला वाळवी लागली तर दिसते तरी. इथे फाइल धडधाकट असते, एक अक्षरही पुसलेलं नसतं, आणि तरी वाचता येत नाही.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी रूपांतरकं मिळतात. ती उपयोगीही आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. रफार तर अख्खं अक्षर ओलांडून पुढे-मागे न्यावा लागतो. हे सगळं बहुतेक रूपांतरकं सांभाळतात. घोटाळा होतो तो खास मराठी जागी, 'ऱ्या'मध्ये. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे. जुन्या फॉन्टमध्ये या दुसऱ्या 'र'चा आडवा झुपका स्वतंत्र घरात असतो. रूपांतरकाच्या तक्त्यात त्या घराची नोंद नसेल तर तो सरळ रफार करून टाकतो. प्रमाण भाषेतला लेख असेल तर संदर्भावरून चूक पकडता येते. माणदेशी बोलीतल्या ओवीत शब्द मुळात काय होता हे कोण सांगणार? त्याला मूळ पान समोर हवं, १९९९ साली दिसत होतं तसं.

मूळ पान दिसायला पेजमेकर हवं. साधी वर्डची फाइल असती तर आजच्या विंडोजमध्ये तो जुना फॉन्ट टाकूनही काम भागलं असतं. पेजमेकरचं तसं नाही. त्याच्या फाइली त्याच्यामागून आलेल्या इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या उघडत. नव्या उघडत नाहीत. शिवाय त्या काळातल्या पुष्कळ सॉफ्टवेअरचे सेटअप १६ बिटांचे होते आणि आजचं ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचा प्रोग्राम चालवतच नाही. म्हणजे पेजमेकर हवं तर त्याच्या काळातलं विंडोज हवं, आणि विंडोज हवं तर त्या काळातला संगणक. तो कुठून आणायचा? जुन्या बाजारात मिळाला तरी त्याची हार्ड डिस्क किती दिवस टिकेल कुणास ठाऊक. मग तो संगणकच कल्पनेत उभा करायचा. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

ही कल्पना आपल्या पीसीपेक्षा जुनी आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात एक प्रणाली घडली, सीपी-४०. एका अवाढव्य संगणकावर प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचा पूर्ण संगणक असल्याचा भास ती देई. १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली आणि मोठ्या संगणकांच्या जगात ही गोष्ट नित्याची झाली. यात दोन पात्रं असतात: खरं यंत्र चालवणारी प्रणाली म्हणजे यजमान, आणि तिच्या आत चालणारी दुसरी म्हणजे पाहुणा. पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे माहीतच नसतं. तो डिस्कवर लिहायला जातो, यजमान ते आपल्या एका फाइलमध्ये लिहून घेतो. तो पडद्यावर ठिपका काढतो, यजमान तो एका खिडकीत काढतो.

हे साधायला एक अट आहे आणि ती १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी नेमकी मांडली. पाहुण्याने यंत्राच्या मर्मावर हात घालणारी आज्ञा दिली की प्रोसेसरने तिथे थांबून यजमानाला हाक मारली पाहिजे. पीसीतल्या इंटेल प्रोसेसरांची अडचण इथेच होती. पेंटियममध्ये सतरा आज्ञा अशा निघाल्या की त्या हाक न मारताच पार पडत. एक उदाहरण घ्या. काम चालू असताना मध्ये कुणी व्यत्यय आणू नये म्हणून प्रणाली प्रोसेसरला व्यत्यय बंद करायला सांगते. अधिकार नसताना ही आज्ञा एका विशिष्ट मार्गाने दिली तर प्रोसेसर नकार देत नाही, तक्रारही करत नाही. नुसतं दुर्लक्ष करून पुढे जातो. पाहुण्याला वाटतं काम झालं, यजमानाला काही कळलेलंच नसतं. १९९९ साली व्हीएमवेअरने या आज्ञा चालता चालता हेरून त्यांच्या जागी दुसऱ्या घालण्याची वाट काढली आणि साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन आलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. आज तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये ती असतेच.

पेजमेकरसाठी मी निवडलेल्या विंडोज ९८ च्या पोटातही हीच कल्पना आहे, हे मला या कामात फार भावलं. त्याच्या गाभ्याचं नावच व्हर्च्युअल मशीन मॅनेजर. त्यात उघडलेली डॉसची प्रत्येक खिडकी म्हणजे एक वेगळं काल्पनिक यंत्र. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरने त्यासाठी खास सोय दिली होती. तेव्हा मी मांडणार होते तो पाहुणा स्वतःही यजमानपण जाणणारा होता.

व्हर्च्युअल मशीन चालवायला मी व्हर्च्युअलबॉक्स घेतलं, कारण ते मोफत आहे. विंडोज ९८ मात्र आजही मोफत नाही. मायक्रोसॉफ्टने त्याची साथ जुलै २००६ मध्ये सोडली, तरी हक्क सोडलेले नाहीत. मूळ सीडी आणि पुस्तिकेवर छापलेली २५ अक्षरांची किल्ली आपली हवी. माझ्याकडे दोन्ही होतं. पेजमेकरची सीडी एका छापखानेवाल्या स्नेह्याने दिली, तीही त्याने रीतसर विकत घेतलेली.

काल्पनिक संगणक मांडताना हात आखडता घ्यावा लागतो. आज आपण सोळा जीबी मेमरीची भाषा बोलतो; विंडोज ९८ ची किमान गरज १६ एमबी होती. भरपूर दिली तर ते आणखी चांगलं चालेल असं वाटतं आणि उलटंच घडतं. ५१२ एमबीच्या पुढे ते अडखळू लागतं, एक जीबी दिली तर पुष्कळदा सुरूच होत नाही, आणि कारण सांगतं की मेमरी अपुरी आहे. फाइलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी ते मेमरीच्या प्रमाणात जागा राखायला जातं आणि त्यात आपल्याच पत्त्यांची वही संपवून बसतं. मी १२८ एमबी दिली. प्रोसेसर एकच. डिस्क ४ जीबीची आणि तीही व्हीएचडी प्रकारची. त्याचं कारण पुढे येईल. नेटवर्क कार्ड काढून टाकलं. वीस वर्षांत ज्याच्या एकाही भगदाडाला ठिगळ लागलेलं नाही अशी प्रणाली इंटरनेटला जोडणं मला पटत नाही, आणि या कामाला इंटरनेटची गरजही नाही.

मग सीडीवरून यंत्र सुरू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. नवी हार्ड डिस्क म्हणजे कोरी जमीन. तिची आधी आखणी करावी लागते. त्यासाठी एफडिस्क. तो पहिलाच प्रश्न विचारतो की मोठ्या डिस्कची सोय चालू करू का. हो म्हटलं तर फॅट-३२ मिळतं. नाही म्हटलं तर जुनं फॅट-१६, ज्यात एक भाग २ जीबीच्या पुढे जात नाही. हो म्हणायचं. आखणी झाली की यंत्र पुन्हा सुरू करायचं, आणि हे विसरायचं नाही. मी विसरले, सरळ फॉरमॅट करायला गेले. 'इन्व्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन'. म्हणजे तू म्हणतेस तो सी ड्राइव्ह मला दिसत नाही. डॉस सुरू होताना एकदाच डिस्कची पाहणी करतं, मधे काय बदललं त्याची त्याला खबर नसते. पुन्हा सुरू केलं, फॉरमॅटची आज्ञा दिली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात टक्के चढू लागले.

इथे एक जुनी सवय कामी आली. सेटअप सीडीवरून न चालवता सीडीवरचं विंडोज ९८ चं फोल्डर आधी सी ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं आणि सेटअप तिथून चालवायचा. पुढे आवाजाचं कार्ड असो की प्रिंटर, प्रत्येक वेळी ते विंडोजची सीडी मागतं. फोल्डर डिस्कवर असलं की ते तिथेच शोधतं. संगणक दुरुस्त करणारी मुलं तेव्हा असंच करायची.

सेटअप मात्र मधेच कोलमडू शकतो आणि त्यात आपली चूक नसते. प्रोसेसर मेमरीतल्या पत्त्यांची एक छोटी टिपणवही जवळ ठेवतो, म्हणजे दर वेळी मोठा तक्ता उलगडावा लागत नाही. तक्ता बदलला की प्रणालीने त्याला ती टिपणं खोडायला सांगायचं असतं. विंडोज ९८ मध्ये एके ठिकाणी हे सांगायचं राहून गेलं आहे. जुन्या प्रोसेसरांची वही इतकी लहान होती की टिपणं आपोआप पुसली जात, त्यामुळे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. अलीकडचे प्रोसेसर व्हर्च्युअल मशीनमध्ये ती टिपणं फार काळ धरून ठेवतात. मग जुना पत्ता धरून प्रणाली भलत्याच जागी जाते आणि निळा पडदा येतो. पॅचर९एक्स नावाचा छोटा प्रोग्राम नेमकी ही जागा दुरुस्त करतो. मायक्रोसॉफ्टने साथ सोडल्यावर इतक्या वर्षांनी कुणीतरी विंडोज ९८ च्या आतड्यात शिरून ही चूक शोधली आणि दुरुस्ती सगळ्यांना मोफत देऊन टाकली, याचं मला मनापासून मोल वाटतं.

विंडोज ९५ निवडलं असतं तर आणखी एक अडसर होता. त्याच्या नेटवर्कच्या भागात यंत्राचा वेग मोजणारी एक छोटी मोजणी आहे: ठरावीक फेऱ्या मारायच्या, लागलेला वेळ मोजायचा आणि त्या वेळेने भागायचं. १९९५ च्या प्रोसेसरला त्या फेऱ्यांना वेळ लागे. २.१ गिगाहर्ट्झच्या पुढचा प्रोसेसर त्या इतक्या झटकन संपवतो की वेळ शून्य भरतो. शून्याने भागाकार, आणि विंडोज सुरू होता होता बंद. वेग कधी इतका वाढेल हे लिहिणाऱ्याच्या मनात आलं नसणार. विंडोज ९५ काम नसतानाही प्रोसेसरला विश्रांती देत नाही, त्यामुळे यजमान लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावतो. विश्रांतीची आज्ञा त्यात घातली होती, पण काही लॅपटॉप ती मिळताच कायमचे गोठत असं आढळलं म्हणून काढून टाकली.

आमचं विंडोज ९८ मांडून झालं. सेटअप तीस ते साठ मिनिटं सांगत होता, प्रत्यक्षात चहा उकळून गाळेपर्यंत आटोपलं. पहिला पडदा सोळा रंगांचा, ६४० बाय ४८०. व्हर्च्युअलबॉक्स या पाहुण्याला स्वतःचे ड्रायव्हर देत नाही. हौशी मंडळींनी केलेला सर्वसाधारण व्हिडिओ ड्रायव्हर टाकावा लागला. मग पेजमेकर, मग फॉन्ट. फाइली आत न्यायच्या तर त्यांची आयएसओ प्रत करून काल्पनिक सीडी म्हणून लावायची. प्रत्येक टप्प्यावर मी स्नॅपशॉट घेत गेले, म्हणजे काही बिघडलं तर मागच्या मुक्कामावर परतता येतं. खऱ्या विंडोज ९८ वर काम केलेल्या कुणालाही ही सोय केवढी मोठी आहे ते सांगायला नको.

पहिली फाइल उघडली. पान हळूहळू रंगत गेलं. आधी चौकट, मग पान क्रमांक, मग ओव्या, दोन-दोन ओळींच्या, मधे फुलाचं चिन्ह. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग पडद्याला बोट टेकवून तिने ओवी सांगणाऱ्या बाईंचं नाव वाचलं. त्या बाई आता हयात नाहीत.

हे काम मोठ्या संस्थांनीही मनावर घेतलेलं आहे. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांबरोबर त्यांचे जुने ॲपल संगणकही आहेत. २०१० मध्ये तो संग्रह खुला झाला तेव्हा त्यांच्या मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० चं वातावरण वाचकाला जसंच्या तसं उघडता येईल अशी सोय केली होती. त्या मॅकचा प्रोसेसर पॉवरपीसी, इंटेलहून अगदी निराळा, म्हणून तिथे व्हर्च्युअल मशीन पुरत नाही. प्रोसेसरचीही नक्कल करणारा एम्युलेटर लागतो. ८६बॉक्ससारखे एम्युलेटर जुन्या पीसीचीही अशी नक्कल करतात, मदरबोर्डपासून साउंड कार्डापर्यंत. ती संथ चालते, पण वेगाच्या वर सांगितलेल्या भानगडी तिथे उद्भवत नाहीत. आपल्याकडे मराठी ग्रंथालयांनी आणि दिवाळी अंकांच्या कार्यालयांनी असं एक तरी यंत्र मांडून ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. सीडींचा थर कपाटात दर वर्षी जुना होतो आहे. डीटीपीवाल्यांपैकी पुष्कळांनी व्यवसाय सोडला. कुठल्या फाइलला कुठला फॉन्ट हे सांगणारे त्यांच्याबरोबर जातील. काही पॅकेजांना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल लागे. ते हरवलं की पॅकेज मुकं. त्यामुळे सीडीबरोबर फॉन्टचं फोल्डर देणाऱ्या त्या साताऱ्याच्या डीटीपीवाल्याचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पानं बाहेर काढायची वाट सोपी आहे. विंडोज ९८ मध्ये ॲपल लेझरराइटरचा ड्रायव्हर असतोच. तो निवडायचा, पण पोर्टच्या जागी 'फाइल' सांगायचं. मग छपाई कागदावर न होता पोस्टस्क्रिप्टच्या फाइलमध्ये होते, फॉन्टच्या आकारांसकट. पाहुणा बंद करून घेतलेले स्नॅपशॉट मिटवले की त्याची व्हीएचडी डिस्क आजच्या विंडोजला साध्या ड्राइव्हसारखी जोडता येते. त्यासाठीच तो प्रकार निवडला होता. फाइल उचलायची, घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामने तिची पीडीएफ करायची. मूळ पान १९९९ साली होतं तसं हाती येतं. मजकूर युनिकोडमध्ये वेगळा काढला की तो आणि पीडीएफ शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायचं.

तेच आता चालू आहे. दर रविवारी मावशी येते, मी युनिकोडचा मजकूर मोठ्याने वाचते, ती पीडीएफवर बोट ठेवून ऐकते. गेल्या रविवारी मी 'दर्या' वाचलं. तिने हात वर केला. "थांब. माणात दर्या कुठला आला? दऱ्या आहे तो." पान मोठं करून पाहिलं. 'र'चा आडवा झुपका स्पष्ट दिसत होता. दुरुस्त केलं. मग ती जरा वेळ त्याच पानावर घोटाळली आणि खालच्या ओवीवर थांबली. "हे मात्र तेव्हाच चुकलंय," ती म्हणाली. "प्रुफं मीच तपासली होती. लिही, सांगते." आणि तिने ती ओवी चालीवर म्हटली, मी टाइप करून घेतली.